सर आल्बर्ट हॉवर्ड : इंदूरच्या काळ्या मातीतील रोगचिंतन

इंदूर नगरीचे नाव जगाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचविणाऱ्या व्यक्तींची गणना करताना होळकर घराण्यातील कर्त्या स्त्री-पुरुषांची, गायकांची, चित्रकारांची आणि क्रिकेटपटूंची नावे ओठांवर येतात. ते यथार्थच आहे. परंतु केनियातील कॉफीच्या मळ्यांत, सिंहलद्वीपातील चहाच्या बागांत आणि इंग्लंडमधील लहानमोठ्या वाड्यांत एकेकाळी इंदूर हा शब्द रोज उच्चारला जात असे, तो यांपैकी कोणामुळेही नव्हे. तो उच्चारला जाई एका खतामुळे आणि त्या खताच्या पाठीशी उभ्या असलेल्या एका प्रश्नामुळे. एकाच शेतात, एकाच वाऱ्यात वाढलेल्या दोन रोपांपैकी एकावर कीड का पडते आणि दुसरे का निभावून जाते, हा तो प्रश्न. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी त्याचा आयुष्यभर पाठपुरावा केला आणि आपल्या कर्तृत्वाची परिपक्व सात वर्षे त्यासाठी इंदुरात वेचली.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील बिशप्स कॅसल या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. गुराढोरांत आणि नांगरटीच्या वासात त्यांचे बालपण गेले. पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणि केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात त्यांनी निसर्गविज्ञानाचे शिक्षण उत्तम प्रकारे पूर्ण केले. शेतकऱ्याचा मुलगा आणि केंब्रिजचा पदवीधर ही दोन माणसे त्यांच्या ठायी अखेरपर्यंत नांदली. त्यांचे कधी जुळले, कधी खटके उडाले. हॉवर्ड यांच्या चरित्राचे मर्म पुष्कळ अंशी या खटक्यांत आहे.

१८९९ मध्ये वेस्ट इंडीज बेटांवरील शासकीय शेती खात्यात कवकशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. बार्बाडोस येथे बसून ऊस, कोको आणि इतर पिकांवरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करणे हे त्यांचे काम. रोगट पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावे, बुरशीची जात ओळखावी, तिचे जीवनचक्र लिहून काढावे आणि शेतकऱ्यांना उपाय सांगावा, अशी त्या काळची रीत होती. ती त्यांनी निष्ठेने पाळली. परंतु जो उपाय आपण सांगतो तो स्वतः करून पाहण्यासाठी आपल्या हाती हातभर जमीनही नाही, ही गोष्ट त्यांना बोचू लागली. बुरशीविषयी सर्व काही ठाऊक असलेला माणूस त्या बुरशीने ग्रासलेल्या पिकाविषयी जवळजवळ काहीच जाणत नाही, हे त्यांना जाणवले. परोपजीवी जीवाचा अभ्यास झाला, पण ज्याच्या जिवावर तो जगतो त्या यजमानाचे काय? ही रुखरुख घेऊनच ते १९०२ मध्ये मायदेशी परतले आणि केंट परगण्यातील वाय येथील कृषी महाविद्यालयात त्यांनी काही काळ अध्यापन केले.

पुसा आणि क्वेट्टा

१९०५ मध्ये हिंदुस्थान सरकारने बिहारमधील पुसा येथील नव्या कृषी संशोधन संस्थेत आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांना पाचारण केले. त्याच वर्षी मुंबईत गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गॅब्रिएल या स्वतः केंब्रिजला शिकलेल्या, वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावर मूलगामी संशोधन केलेल्या विदुषी होत्या. पतीच्या छायेत राहणारी सहधर्मचारिणी असे त्यांचे वर्णन करणे अन्यायाचे होईल. पुसा आणि इंदूर येथील जवळजवळ सर्व प्रबंध दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाले आणि पुढे सरकारनेही गॅब्रिएल यांना द्वितीय आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रीतसर नेमले. हिंदुस्थानात कृषिसंशोधनाच्या क्षेत्रात एखाद्या स्त्रीला असा अधिकार लाभणे ही त्या काळी विरळा घटना होती.

पुसा येथे या दांपत्याने निवडलेल्या आणि संकरित केलेल्या गव्हाच्या वाणांनी, विशेषतः पुसा ४ आणि पुसा १२ या वाणांनी, उत्तर हिंदुस्थानातील लक्षावधी एकर जमीन व्यापली. शासनदरबारी हॉवर्ड यांचा लौकिक झाला तो प्रथम या गव्हामुळे. त्यांचे स्वतःचे कुतूहल मात्र भोवतालच्या खेड्यांतील शेतांकडे वळले होते. कोणतेही औषध न फवारता, कोणतेही विकतचे खत न घालता पुसाच्या आसपासचे शेतकरी निरोगी पिके कशी काढतात, हे ते पाहू लागले. शेतकरी आणि कीड या दोघांनाही त्यांनी आपले गुरू मानले. शेतकरी चांगली शेती कशी करावी हे दाखवितो आणि कीड ती कोठे चुकली हे दाखविते, अशी त्यांची धारणा बनत गेली.

उन्हाळ्यात त्यांचे काम क्वेट्टा येथील फळबागांत चाले. पीच झाडांवर पडणाऱ्या माव्याचे तेथील निरीक्षण उल्लेखनीय आहे. हिवाळ्यात झाडांना अतोनात पाणी दिले की वसंतात फुटणाऱ्या पालवीवर मावा तुटून पडे; मग जमीन खोल नांगरून मुळांना हवा मिळवून दिली की त्यानंतर फुटलेली पाने स्वच्छ राहत. एकाच डहाळीवर खालची पाने माव्याने भरलेली आणि वरची पाने निष्कलंक, असे दृश्य हॉवर्ड हवे तेव्हा घडवून आणू शकत. मावा तोच, झाडही तेच; बदलली होती ती मुळांची अवस्था.

याहून अधिक चर्चा झाली ती त्यांच्या बैलांची. १९१० च्या सुमारास पुसा येथे त्यांना स्वतःच्या कामासाठी सहा बैलजोड्या मिळाल्या. हॉवर्ड यांनी त्यांच्या वैरणीची, गोठ्याची आणि विश्रांतीची उत्तम व्यवस्था ठेवली. मात्र लस टोचली नाही की आजारी गुरांपासून त्यांना दूर ठेवले नाही. शेजारच्या गोठ्यातील लाळ्या-खुरकुताने आजारी पडलेली गुरे कुंपणावरून या बैलांच्या नाकाला नाक लावीत आणि तरीही या बैलांना काही होत नसे, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. हे निरीक्षण त्यांच्या विचाराचा जणू कोनशिला ठरले. उत्तम पोसलेल्या जीवात रोगाला शिरकावच मिळत नाही; रोगजंतू हे रोगाचे कारण नव्हे, ते केवळ लक्षण आहे, या निष्कर्षाप्रत ते येऊन पोहोचले.

इंदुरातील सात वर्षे

असा विचार करणाऱ्या माणसाला पुसासारख्या संस्थेची चौकट अपुरी पडणे क्रमप्राप्त होते. तेथे कवकशास्त्र, कीटकशास्त्र, रसायन, वनस्पतिशास्त्र असे निरनिराळे विभाग होते आणि प्रत्येक विभाग आपल्या कुंपणात राहून काम करी. पीक मात्र अखंड असते; ते विभागांत वाढत नाही. पिकाचा सर्व अंगांनी एकत्र अभ्यास करणारी स्वतंत्र संस्था असावी, ही हॉवर्ड दांपत्याची आकांक्षा इंदूरने पुरी केली. इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचे अर्थसाहाय्य, मध्य हिंदुस्थान आणि राजपुतान्यातील संस्थानांच्या वार्षिक वर्गण्या आणि होळकर दरबाराने दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिलेली सुमारे ३०० एकर जमीन यांच्या बळावर इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री ही संस्था उभी राहिली. १९२४ मध्ये हॉवर्ड तिचे संचालक झाले. महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या कारकिर्दीची ती अखेरची वर्षे होती; १९२६ मध्ये यशवंतराव होळकर गादीवर आले.

मिळालेली जमीन माळव्याची खास काळी जमीन होती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती चिकट गोळा होऊन बसते. कापूस, ज्वारी, तूर, हरभरा आणि गहू ही येथील पिके. काळ्या मातीला पाण्याइतकीच हवेचीही तहान असते, हे हॉवर्ड यांनी पहिल्या एकदोन पावसाळ्यांतच ओळखले. त्यांनी शेतांना उतारानुरूप बांध घातले, पाण्याचा निचरा करणारे चर खणले आणि मगच पिकांकडे लक्ष दिले. मजुरांच्या बाबतीतही त्यांचे धोरण त्या काळाला अपरिचित होते. वेळच्या वेळी पगार, कामाचे मर्यादित तास, राहण्यास बरी घरे आणि औषधपाण्याची सोय त्यांनी केली. बैलाच्या वैरणीकडे लक्ष देणाऱ्या शास्त्रज्ञाने माणसाच्या पोटाकडे लक्ष द्यावे, यात विसंगती नव्हती.

शेताची तब्येत सुधारायची तर सेंद्रिय द्रव्य हवे. आणि माळव्यात, जसे महाराष्ट्रात, शेणाचा मोठा वाटा गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जातो. मग शेतातील टाकाऊ काडीकचऱ्यापासून पुरेसे खत कसे निर्माण करावे? चीन देशातील शेतकरी हजारो वर्षे हेच करीत आले आहेत, हे एफ. एच. किंग या अमेरिकन कृषितज्ज्ञाच्या १९११ मधील ग्रंथातून हॉवर्ड यांना ज्ञात होते. त्या परंपरेला शास्त्राची जोड देण्याचे काम इंदुरात झाले आणि त्यात त्यांचे प्रमुख सहकारी होते यशवंत वाड हे रसायनशास्त्रज्ञ. १९३१ मध्ये ऑक्सफर्डतर्फे प्रसिद्ध झालेल्या शेतीतील टाकाऊ द्रव्यांविषयीच्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या नावाबरोबर वाड यांचेही नाव आहे. जगभर पोहोचलेल्या या पद्धतीच्या मुळाशी इंदुरातील एका मराठी आडनावाच्या शास्त्रज्ञाचे परिश्रम आहेत, याचे विस्मरण होऊ नये.

इंदूर पद्धतीची मांडणी साधी होती. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन फूट खोल असे उथळ खड्डे घ्यावयाचे. त्यांत पालापाचोळा, तण, तुराट्या, पऱ्हाट्या, गोठ्यातील तुडवलेले काड, शेण, मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यावयाचे. टणक पऱ्हाट्या लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या आधी शेतातील रस्त्यांवर पसरल्या जात आणि गाड्यांच्या चाकांखाली व बैलांच्या खुरांखाली त्यांचा चुरा होई. ढीग ओलसर ठेवावयाचा, पण चिंब नव्हे; आणि ठरावीक अंतराने तीन वेळा उलथावयाचा, म्हणजे हवा खेळती राहते. आरंभी ढीग चांगला तापतो आणि बुरशी काडीचा फडशा पाडते. मग जिवाणूंचे राज्य येते. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा सुगंध असलेले खत तयार होते. कचऱ्यातील कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण आरंभी तेहतीसास एक असे असावे आणि शेवटी ते दहास एकच्या जवळ यावे, हा हिशेब वाड आणि हॉवर्ड यांनी बसवून दिला. जी बुरशी पिकाची वैरीण म्हणून हॉवर्ड यांनी बार्बाडोसला अभ्यासली, तिच्याच गोतावळ्याला त्यांनी इंदुरात कामाला लावले.

या सात वर्षांत संस्थेच्या शेतावर किडीचा उपद्रव झाल्याची एकच घटना आपल्याला आठवते, असे हॉवर्ड यांनी पुढे लिहिले. एका पावसाळ्यात निचऱ्याचा एक चर तुंबला आणि पुढे हरभऱ्यासाठी ठेवलेल्या शेताचा काही भाग काही दिवस पाण्याखाली राहिला. तेवढ्या भागाचा नकाशा त्याच वेळी काढून ठेवला गेला. ऑक्टोबरात हरभरा पेरून महिना होतो न होतो तोच त्यावर अळी पडली. पाहणी केली तेव्हा अळीने व्यापलेला भाग आणि पावसाळ्यात बुडालेला भाग हे एकमेकांशी तंतोतंत जुळले. शेताच्या उरलेल्या भागाला अळीने स्पर्श केला नाही आणि त्या वर्षी लावलेल्या इतर सुमारे पन्नास एकर हरभऱ्याकडेही ती फिरकली नाही. अळीला जणू तो नकाशा वाचता येत होता. हॉवर्ड यांच्या मते पाण्यात गुदमरलेल्या मातीने रोपाचा रस बिघडविला होता आणि अळीने तो बिघाड माणसाच्या आधी ओळखला होता.

वियोग आणि निरोप

१९३० साली गॅब्रिएल यांचे जिनीव्हा येथे निधन झाले. पंचवीस वर्षे खांद्याला खांदा लावून काम करणारी, अचूक मोजमापांचा आग्रह धरणारी सहकारी गेली. पुढील वर्षी हॉवर्ड यांनी इंदूर सोडले आणि ते सेवानिवृत्त होऊन इंग्लंडला परतले. गॅब्रिएल यांच्या भगिनी लुईझ यांच्याशी त्यांचा १९३१ मध्ये विवाह झाला. त्यांनीच पुढे हॉवर्ड यांच्या हिंदुस्थानातील कार्याचे चरित्र लिहून १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. गॅब्रिएल यांच्या पश्चात हॉवर्ड यांच्या लेखनाचा सूर पालटला. प्रयोगाच्या नोंदी मागे पडल्या आणि प्रतिपादन पुढे आले. १९३४ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली, तेव्हा ते शास्त्रज्ञाइतकेच एका विचाराचे प्रचारक झाले होते.

संस्थेचे काम मात्र थांबले नाही. वाड आणि जॅक्सन यांनी वस्तीतील मैला आणि केरकचरा इंदूर पद्धतीने कसा सत्कारणी लावावा, याविषयी पुस्तिका लिहिली. १९३५ च्या एप्रिल महिन्यात हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने महात्मा गांधी इंदुरास आले असता त्यांनी संस्थेस भेट देऊन खताचे खड्डे पाहिले आणि आपल्या हरिजन पत्रातून या पद्धतीचा पुरस्कार केला. ग्रामसफाई आणि ग्रामशेती ही दोन्ही कामे एकाच खड्ड्यात साधतात, हे त्यांच्या नजरेने तत्काळ टिपले.

इंग्लंडमध्ये हॉवर्ड यांनी १९४० मध्ये आपला सुप्रसिद्ध कृषिविषयक ग्रंथ आणि १९४५ मध्ये आरोग्य व रोग यांविषयीचा दुसरा ग्रंथ प्रसिद्ध केला. कीड आणि बुरशी यांना त्यांनी निसर्गाचे तपासनीस मानले; दुबळे पीक बाजूला काढणे हे त्यांचे काम आणि त्यांना विष घालून मारणे म्हणजे तपासनिसाचे तोंड दाबणे, असा त्यांचा युक्तिवाद होता. रासायनिक खतांवरही त्यांनी कठोर टीका केली. रॉथमस्टेड येथील शास्त्रज्ञांच्या लहान तुकड्यांवरील, आकडेमोडीच्या पद्धतीने केलेल्या प्रयोगांचा त्यांनी उपहास केला, आणि त्या शास्त्रज्ञांनीही हॉवर्ड यांच्याकडे तुलनेचा पुरावा मागितला. तो पुरावा पुष्कळदा त्यांच्यापाशी नव्हता. पुसाच्या बैलांचेच पाहा. त्याच गोठ्यात, पण हलक्या वैरणीवर ठेवलेली दुसरी बैलजोडी तुलनेसाठी नव्हती. आणि त्या बैलांना पूर्वी कधी सौम्य स्वरूपात तोच रोग होऊन प्रतिकारशक्ती आली होती की काय, हे कळण्यास मार्ग नव्हता. ज्या विद्वत्समाजात त्यांनी तीस वर्षे मानाने वावर केला, त्याने त्यांच्याकडे पाठ फिरविली. शेतकरी, बागाईतदार आणि वैद्य मात्र त्यांच्या भोवती गोळा झाले.

न दिसलेली बाजू

हॉवर्ड यांचा सारा भर यजमानावर होता. परोपजीवी जीव हा त्यांच्या मांडणीत निष्क्रिय असे. दार उघडे दिसले तर आत येणारा, बंद दिसले तर परत जाणारा. त्यांच्या हयातीतच या चित्राला छेद देणारे संशोधन सुरू झाले होते आणि त्यांच्या मृत्यूनंतर ते फार पुढे गेले. दार बंद असतानाही आत कसे शिरावे, याच्या युक्त्या परोपजीवी जीवांनी युगानुयुगे घोटविल्या आहेत, हे आता निःसंशय ठरले आहे.

वनस्पतीला आपल्यासारखे रक्त नाही आणि त्या रक्तातून फिरणारे पहारेकरीही नाहीत. तिची प्रत्येक पेशी स्वतःच पहारा देते. बुरशीच्या कवचात कायटिन नावाचे द्रव्य असते. त्याचे कण पेशीच्या बाह्य पटलावरील ग्राहकांना जाणवले की पेशी आपली भिंत जाड करते, विषारी द्रव्ये सोडते आणि शेजारच्या पेशींना सावध करते. येथूनच लपंडावास आरंभ होतो. गव्हावरील तांबेऱ्याच्या वर्गातील बुरशी पानात शिरल्यावर आपल्या कवचातील कायटिनचे रूप पालटून घेते, जेणेकरून पहारेकऱ्यांना ते ओळखू येऊ नये. टोमॅटोच्या पानांवरील एक बुरशी तर सुटे झालेले कायटिनचे कण स्वतःच्या प्रथिनाने टिपून घेते. चोराने आपल्या पाऊलखुणा पुसत जावे तसा हा प्रकार. तांबेरा पेशीच्या आत शोषक अंगे खुपसतो आणि त्यांवाटे शेकडो प्रकारची प्रथिने आत सोडतो. त्यांतील काही प्रथिने पेशीची धोक्याची घंटाच निकामी करतात.

यावर वनस्पतींनी दुसरी तटबंदी उभारली. आत आलेल्या अशा एखाद्या प्रथिनास नेमके ओळखणारी जनुके त्यांच्यात असतात. ओळख पटली की ती पेशी स्वतः मरते आणि जिवंत पेशीवरच जगणाऱ्या तांबेऱ्याची उपासमार करते. केंब्रिजच्या बिफेन यांनी १९०५ मध्ये गव्हातील अशी प्रतिकारशक्ती आनुवंशिक असते, हे दाखविले. अमेरिकेतील स्टेकमन यांनी तांबेऱ्याच्याही अनेक जाती-उपजाती असतात, हे सिद्ध केले. आणि फ्लॉर यांनी जवसावरील तांबेऱ्यावरून १९४० च्या दशकात दाखवून दिले की यजमानातील प्रत्येक प्रतिकारक जनुकाला परोपजीवीतील एक जनुक जोडीचे असते. परोपजीवीतील ते जनुक बदलले की पहारेकऱ्याला चोराचा चेहरा ओळखता येत नाही. १९९९ च्या सुमारास युगांडात आढळलेल्या काळ्या तांबेऱ्याच्या नव्या वंशाने असेच जगभर भरवशाचे मानले गेलेले एक प्रतिकारक जनुक निरुपयोगी ठरविले.

जनावरांच्या शरीरातही हाच खेळ चालतो. गुरे, घोडे आणि उंट यांना होणाऱ्या सर्रा रोगाचा सूक्ष्म जीव आपल्या अंगावरील प्रथिनांचे आवरण पुनःपुन्हा बदलतो. शरीर एका आवरणाविरुद्ध शस्त्र घडविते, तोवर तो दुसरे पांघरून मोकळा होतो. म्हणून ताप उतरतो आणि पुन्हा चढतो. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे सात मुख्य प्रकार आहेत आणि एकाविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याला रोखीत नाही. अशा शत्रूपुढे केवळ सकस वैरण पुरी पडत नाही.

यावरून हॉवर्ड सर्वस्वी चुकले असे म्हणणे मात्र तितकेच एकांगी ठरेल. नत्राचा अतिरेक झालेल्या पिकावर मावा अधिक वाढतो, पाणथळ जमिनीतील दुबळी मुळे कुजविणाऱ्या बुरशींना लवकर बळी पडतात आणि चांगल्या कंपोस्टमधील सूक्ष्मजीव मातीतील कित्येक रोगांना आळा घालतात, या गोष्टींना नंतरच्या संशोधनाने दुजोरा दिला आहे. उत्तरायुष्यात हॉवर्ड यांचे लक्ष मुळांशी सहवास करणाऱ्या उपकारक बुरशीकडे, म्हणजे मायकोरायझाकडे, वेधले गेले होते. १९३७-३८ च्या सुमारास चहाच्या मळ्यांच्या दौऱ्यात त्यांनी मुळांवर तिचा शोध घेतला. मातीचे आरोग्य आणि रोपाचे आरोग्य यांना जोडणारा सांधा हाच, असे त्यांना वाटले. ही बुरशी रोपाला स्फुरद पुरविते आणि कित्येकदा त्याची रोगांविरुद्धची सिद्धताही वाढविते, हे आता मान्य झाले आहे. परंतु मुळात शिरताना तीही विशिष्ट प्रथिने सोडून यजमानाचा प्रतिकार सौम्य करते. मित्र आणि शत्रू एकाच दाराने, जवळपास एकाच युक्तीने आत येतात. हॉवर्ड यांनी मित्राला ओळखले. त्याच्या युक्तीचा शोध लागण्यास मात्र आणखी अनेक दशके जावी लागली.

१९४६-४७ च्या हंगामात काळ्या तांबेऱ्याने मध्य भारतातील गव्हाचे पीक मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त केले. आग्र्याचे करमचंद मेहता यांनी आपल्या दीर्घ संशोधनातून दाखविले होते की सपाटीवरच्या कडक उन्हाळ्यात तांबेरा तगत नाही. तो डोंगरांवरील गव्हावर जिवंत राहतो आणि दरवर्षी वाऱ्यावर स्वार होऊन नव्याने खाली उतरतो. अशा वेळी त्याने बलवान पीक आणि दुबळे पीक असा भेद केला नाही. किंबहुना तांबेऱ्याला हिरवेगार, रसरशीत पानच अधिक मानवते, कारण मेलेल्या पेशीवर त्याला जगता येत नाही. ज्या प्रदेशात निरोगी मातीवर रोग पडत नाही असे हॉवर्ड यांनी मानले, त्याच प्रदेशाने त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षी या सिद्धान्ताची मर्यादा अनुभवली. पुढे इंदुरातच भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचे गहू संशोधन केंद्र स्थापन झाले आणि तेथे तांबेऱ्याला दाद न देणारे वाण निर्माण करण्याचे कार्य चालले. एकाच नगरीत एका पिढीने यजमानाला सशक्त करण्याचा मार्ग चोखाळला आणि दुसऱ्या पिढीने परोपजीवीचे सोंग ओळखणारे पहारेकरी निवडण्याचा. शेतकऱ्याला दोन्हींची गरज आहे.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी सर आल्बर्ट हॉवर्ड यांचे निधन झाले. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन जेमतेम दोन महिने लोटले होते. त्यांच्या विचारांतून प्रेरणा घेऊन इंग्लंडमध्ये १९४६ साली सॉइल असोसिएशन स्थापन झाली होती आणि अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी नियतकालिकाद्वारे सेंद्रिय शेतीचा प्रसार चालविला होता. महाराष्ट्रात यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्यात खत करण्याची जी नाडेप पद्धत रूढ केली, तिचा उद्देशही थोड्या शेणात अधिक खत करणे हाच होता. इंदुरातील संस्थेच्या जागी पुढे कृषी महाविद्यालय उभे राहिले.

हॉवर्ड यांचे उत्तर अपुरे ठरले, पण त्यांनी विचारलेला प्रश्न शिळा झाला नाही. रोगजंतूचा शोध लागला की रोगाचा उलगडा झाला, असे मानण्याच्या काळात त्यांनी रोग हा दोन जीवांमधील संबंध आहे आणि त्या संबंधाला माती साक्षी आहे, हे आग्रहाने सांगितले. त्या दोघांपैकी एकाचेच चरित्र त्यांनी पुरेपूर वाचले. दुसऱ्याचे वाचण्याची साधने त्यांच्या काळी तयार व्हावयाची होती. तुंबलेल्या चराचा नकाशा त्याच पावसाळ्यात काढून ठेवण्याची जी दक्षता इंदूरच्या त्या शेतावर दाखविली गेली, ती नसती तर ऑक्टोबरातील अळी ही एक नेहमीची आपत्ती म्हणून विसरली गेली असती. हॉवर्ड यांच्या मतांविषयी वाद होत राहतील. त्या नकाशामागील शिस्त मात्र वादातीत आहे, आणि इंदूरच्या काळ्या मातीने जगाला दिलेल्या देण्यांत खताइतकेच तिचेही स्थान आहे.